ही डिस्क कुणाची?

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. इकडे थँक्सगिव्हिंगच्या आधीचा बुधवार म्हणजे आपल्याकडचा दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. माणसं देहाने ऑफिसात, मनाने कधीच घरी पोचलेली. लॅबमध्ये मी आणि कॉफीचं मशीन, दोघंच काय ते चालू होतो. तेवढ्यात प्रोफेसरांची मेल आली. सर्व्हरवरची जागा ९४ टक्के भरली आहे, सुट्टीत मोठे रन लावायचे आहेत, कुणीतरी जरा साफसफाई करेल का?

"कुणीतरी" म्हणजे कोण, हे इतक्या वर्षांत मला चांगलंच कळलंय. (पीएचडी संपवून रिसर्च इंजिनियर झालं की पगार थोडा वाढतो, पण "कुणीतरी" असणं काही सुटत नाही!) म्हटलं, संध्याकाळपर्यंत उरकून टाकू.

उरकलं. आणि उरकताना दोन चुका केल्या. एक निस्तरता आली, दुसरी नाही. त्या दुसरीमुळे मी गेले काही महिने एकाच प्रश्नावर विचार करतेय. संगणकात साठवलेली एखादी वस्तू कुणाची आहे, हे कळत नसेल तर ती कुणाचीच नाही असं म्हणायचा अधिकार कुणाला? प्रश्न तांत्रिक वाटेल, पण संगणकाशी संबंध नसलेल्यांनीही पुढे वाचावं, फार अवघड नाहीये.

आधी थोडी शिकवणी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. आमच्याकडे पूर आला तर नदीचं पाणी कुठवर पसरेल, याची गणितं चालतात. त्यातले काही प्रोग्रॅम इतके जुने आहेत की ते दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लिनक्सवरच चालतात, नव्यावर रुसून बसतात. मग नव्या सर्व्हरच्या पोटात जुनं लिनक्स असलेलं एक खोटं मशीन उभं करायचं. त्या आतल्या लिनक्सला वाटतं, आपल्याला स्वतःची हार्ड डिस्क आहे. बाहेरून पाहिलं तर ती डिस्क म्हणजे नुसती एक फाईल असते. चाळीस जीबीची असो की चारशे, शेवटी फाईलच. तिचं नाव बदलता येतं, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवता येते, आणि एका ओळीच्या हुकमाने पुसताही येते.

मशीन स्वतः कुठे असतं? तर दुसऱ्या एका चिमुकल्या फाईलमध्ये. तिला आपण मशीनचा कागद म्हणू. त्यात लिहिलेलं असतं: मेमरी इतकी, प्रोसेसर इतके, आणि डिस्क म्हणून अमुक फोल्डरमधली अमुक फाईल वापर.

आता यातली गोम बघा. मशीनच्या कागदावर डिस्कचा पत्ता असतो. डिस्कच्या फाईलवर मशीनचा पत्ता नसतो.

माझे मामा सातारा जिल्ह्यात तलाठी होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्या दप्तरांत लुडबुड करताना त्यांनी एकदा समजावलं होतं. आठ-अ चा उतारा माणसाकडून जमिनीकडे जातो: या खातेदाराच्या नावावर गावात कुठले कुठले गट आहेत. सातबारा जमिनीकडून माणसाकडे येतो: या गटाचा धारक कोण. आणि मालकी बदलली की सहा नंबरच्या नमुन्यात फेरफाराची नोंद. दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे, नाहीतर तलाठ्याचं काम म्हणजे अंदाजपंचे, असं ते म्हणायचे.

व्हर्च्युअल मशीनच्या दुनियेत आठ-अ आहे, सातबारा नाही. एखादं मशीन दाखवा, त्याची डिस्क मी लगेच सांगते. पण नुसती डिस्कची फाईल हातात ठेवून विचारलंत "ही कुणाची?", तर मला सगळ्या मशीनचे सगळे कागद चाळावे लागतात. आणि चाळूनही नाव सापडलं नाही, तर दोन शक्यता उरतात. एक, ती खरंच बेवारस आहे. दोन, मी सगळे कागद चाळलेलेच नाहीत.

त्या बुधवारी मी पहिली शक्यता धरून चालले.

माझी पद्धत वाईट नव्हती हो! सर्व्हरवरच्या सगळ्या मशीनचे कागद गोळा केले, त्यातल्या डिस्कांची यादी केली. मग फोल्डरमधल्या सगळ्या डिस्क-फाईलींची दुसरी यादी केली. दुसरीतून पहिली वजा केली. उरल्या ३१ फाईली. त्यांची नावं बघून हसू आलं: "टेस्ट", "टेस्ट-२", "फायनल", "फायनल-नवीन", "जुनं-पण-राहू-दे". तारखेप्रमाणे लावल्या. ज्यांना तीन-चार वर्षांत कुणी हात लावलेला नाही, अशा अकरा निवडल्या आणि पुसल्या. जवळजवळ दोन टेराबाइट जागा मोकळी झाली. प्रोफेसरांना स्मायली टाकून मेल केली आणि टर्की खायला मैत्रिणीकडे गेले.

सोमवारी सकाळी एका विद्यार्थ्याचं मशीन सुरू होईना. "मूळ फाईल सापडत नाही" म्हणे.

झालं होतं असं. आम्ही जागा वाचवायला एक युक्ती वापरतो. जुनं लिनक्स आणि सगळे प्रोग्रॅम घातलेली एक मूळ डिस्क करून ठेवायची. मग प्रत्येक विद्यार्थ्याला अख्खी प्रत न देता एक पातळ थर द्यायचा. त्याने जे बदललं तेवढंच त्या थरात लिहिलं जातं, बाकी सगळं खालच्या मूळ डिस्कवरून वाचलं जातं. क्यूकाऊ-२ नावाच्या फाईल-प्रकारात हे सर्रास करतात. मशीनच्या कागदावर सहसा फक्त वरच्या थराचं नाव असतं. खालच्या मूळ डिस्कचं नाव त्या थराच्या फाईलमध्ये, अगदी सुरुवातीला लिहिलेलं असतं. मी कागद वाचले, थर उघडून वाचलेच नाहीत. आणि मूळ डिस्कला बिचारीला आपल्या अंगावर कोण कोण उभं आहे याचा पत्ताच नसतो.

वर तारखेचा घोळ. मूळ डिस्कवर कुणी लिहायचं नसतं, फक्त वाचायचं असतं. म्हणून तिची "शेवटचा बदल" ही तारीख जुनीच राहते. म्हणजे जी फाईल सगळ्यांच्या पायाखाली आहे तीच यादीत सगळ्यात निकामी दिसते, आणि "जुनं ते आधी पुसा" या नियमात पहिला बळी तिचा जातो. (शेवटचं कधी वाचलं याचीही तारीख असते म्हणा, पण वेग वाढावा म्हणून ती नोंद बहुतेक सर्व्हरवर बंद किंवा अर्धवट ठेवलेली असते.)

मी त्या विद्यार्थ्याला उत्तर लिहायला घेतलं आणि सवयीने त्याच डिस्कवर चालणाऱ्या दुसऱ्या मुलीलाही लिहिणार होते, "तुझंही मशीन एकदा बंद करून चालू करून बघ." आमच्या धंद्यातला हा क्रोसिनचा गोळी-उपाय! सेंड दाबायच्या आधी विभागाचा सिस्टिम ॲडमिन मागून ओरडला, "ते मशीन चालू आहे? मग कुणी त्याला हात लावू नका!"

लिनक्समध्ये एक सोय आहे. एखादी फाईल कुठल्याही प्रोग्रॅमने उघडून धरलेली असेल, तर ती पुसली तरी फक्त तिचं नाव जातं. आतला मजकूर तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत डिस्कवर तसाच राहतो. त्या मुलीचं मशीन आठवडाभर न थांबता चालू होतं, त्यामुळे मूळ डिस्क त्याच्या मुठीत होती. चालू प्रोग्रॅमने उघडलेल्या फाईलींपर्यंत पोचायची वाट सर्व्हरवर असते, तिथून आम्ही पूर्ण प्रत काढून घेतली. मूळ डिस्कवर कुणी लिहीत नाही, म्हणून प्रतही धडधाकट निघाली. चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती मुलगी आणि मी स्क्रीनकडे बघत शेजारी शेजारी बसलो होतो. तिचा प्रबंध मार्चमध्ये द्यायचा होता. तिचं मशीन बंद असतं, किंवा मी ती मेल पाठवली असती, तर दोघांचं काम गेलं असतं. मूळ डिस्कशिवाय वरचा थर म्हणजे पान नसलेल्या पुस्तकातल्या दुरुस्त्यांची यादी.

हुश्श केलं, कान धरले, विषय संपला असं वाटलं.

फेब्रुवारीत ब्राझीलहून मेल आली. आमच्याकडे दोन वर्षं पोस्टडॉक करून मायदेशी परत गेलेला एक सहकारी. त्याच्या शोधनिबंधावर परीक्षकाने शंका काढली होती, एका आकृतीमागचे मूळ आकडे मागितले होते. "माझी डिस्क सर्व्हरवर आहे, तेवढी जोडून देशील का?" त्याने फाईलचं नाव दिलं. मला ते पाठ होतं. अकरापैकी सातवी.

त्याच्या मशीनचा कागद सर्व्हरवर नव्हताच. तो त्याच्या टेबलावरच्या संगणकावर होता आणि तो संगणक तो गेल्यावर फॉरमॅट करून दुसऱ्याला दिला होता. खातं बंद झालं, जमीन उरली. आमची ती जागा "तात्पुरती" म्हणून नोंदलेली, त्यामुळे बॅकअप नाही. (तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य किती असतं, हे सरकारी शेड पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.) मोकळ्या केलेल्या जागेवर त्याच सुट्टीत नवे रन लिहिले गेले होते, म्हणजे उकरून काढायचीही आशा नाही. त्याने गणितं पुन्हा केली. जुना कंपायलर मिळेना, आकडे तिसऱ्या दशांशानंतर जुळेनात. शेवटी ती आकृती निबंधातून काढावी लागली. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, "मीही कुठे लिहून ठेवलं नव्हतं" एवढंच म्हणाला. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

आता माझं मत.

अशा डिस्कांना आमच्याकडे "अनाथ" म्हणतात, कुणी "झॉम्बी" म्हणतात. मला हे शब्द खटकायला लागलेत. शब्दातच निकाल देऊन टाकलाय, मग पुसायला कितीसा वेळ! व्हीएमवेअरवाल्यांमध्ये आरव्हीटूल्स नावाचं एक लोकप्रिय साधन आहे. कुठल्याच मशीनला न जोडलेली डिस्क दिसली की ते सांगतं, ही झॉम्बी असू शकते, तपासा. लोक "झॉम्बी" वाचतात, "असू शकते, तपासा" सोडून देतात. एकच साठा दोन वेगळ्या व्यवस्थापन सर्व्हरांना जोडलेला असेल, तर एकाच्या नजरेतून दुसऱ्याच्या जित्याजागत्या डिस्का झॉम्बी दिसतात. दोष साधनाचा नाही. त्याला जेवढं गाव दिसतं, तेवढ्याचंच ते सांगणार.

मामांकडे कुणी ना कुणी यायचंच, "आण्णा, त्या गटाला कुणी वाली नाही, काहीतरी करा." मामा म्हणायचे, "तुला मालक दिसत नाही, एवढंच तू सांगू शकतोस. मालक नाही हे ठरवणारा तू कोण?" मी त्या बुधवारी नेमकं हेच ठरवून मोकळी झाले होते.

आमचा ॲडमिन यावर म्हणतो, "मग काय, सगळं जन्मभर ठेवायचं?" तर तेही नाही. साठवून ठेवणं म्हणजे जपणं असं मला अजिबात वाटत नाही. जुन्या डिस्कांच्या पोटात जुने पासवर्ड, किल्ल्या, लोकांचे खाजगी कागद असतात. पाच वर्षं दुरुस्त्या न झालेलं मशीन कुणी चुकून नेटवर्कला जोडलं तर चोराला दार उघडून दिल्यासारखं आहे. शिवाय ३१ बेनामी फाईलींत एक महत्त्वाची शोधणं जमेल, ३०० मध्ये नाही जमणार. पुसायला हवंच. पण पुसणाऱ्याने आधी सिद्ध करायला हवं, आणि ते करता यावं अशी सोय डिस्क जन्माला येते त्या दिवशीच करायला हवी.

तंत्रज्ञान यात कुठवर आलंय? गंमत सांगते. व्हीएचडी नावाच्या डिस्क-फाईलीच्या शेवटच्या ५१२ बाइटांत "कनेक्टिक्स" अशी आठ अक्षरी इंग्रजी खूण असते. कनेक्टिक्स ही हा प्रकार काढणारी कंपनी. २००३ साली मायक्रोसॉफ्टने तिच्याकडून व्हर्च्युअल पीसी विकत घेतलं, तरी खूण अजून तशीच. म्हणजे भांड्यावर कारखान्याचा शिक्का आहे, घराचं नाव नाही! व्हर्च्युअल बॉक्स प्रत्येक डिस्कमध्ये एक लांबलचक ओळख क्रमांक लिहितो, आणि तुम्ही फाईलची साधी प्रत करून जोडायला गेलात तर "हा क्रमांक आधीच आहे" म्हणून अडवतो. चांगलंय, पण क्रमांकावरून माणूस कळत नाही. प्रॉक्समॉक्स जरा शहाणा. तो फाईलच्या नावातच मशीनचा नंबर घालतो, आणि फेरतपासणी केली की न जोडलेल्या डिस्का त्या त्या मशीनच्या कागदावर "न वापरलेली" म्हणून परत आणून ठेवतो. पुसत नाही. मला ही वृत्ती आवडते.

आणि जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं, त्यात प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाखाली त्याच्या छोट्या डिस्कांची नोंद एका मध्यवर्ती वहीत असायची. डिस्क म्हणजे त्या वहीतली नोंदच, वहीबाहेरची बेनामी डिस्क सहजासहजी तयार व्हायची नाही. आपण डिस्कची साधी फाईल केली, कुणालाही कॉपी करायची मोकळीक दिली, ती सोय मोठीच आहे, पण वही मात्र मागेच राहिली.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं.

एक, डिस्कच्या शेजारी तिचा सातबारा हवा. त्यात मशीनचं नाव पुरत नाही, माणसाचं नाव हवं. मशीन मरतात, माणसाला मेल तरी करता येते. सोबत ती कशासाठी केली आणि कधी परत विचारायचं ही तारीख. माणूस लॅब सोडून जाताना किल्ली परत देतो तशी त्याच्या डिस्कांची नोंद दुसऱ्या जित्या माणसाच्या नावावर चढवायची. फेरफार!

दोन, जुळवाजुळव करताना कागदांवर थांबायचं नाही. बंद मशीन, साचे, टेबलावरचे संगणक, सगळे धरायचे. प्रत्येक थर उघडून त्याच्याखाली कोण आहे ते वाचायचं. कागद मिळालाच नाही तर डिस्क आतून बघता येते: मशीनचं नाव, शेवटच्या नोंदींची तारीख. पण फक्त वाचण्यापुरती उघडायची. मूळ डिस्कवर एकदा जरी काही लिहिलं गेलं तर वरचे सगळे थर बिघडू शकतात. आणि हे दुसऱ्याचं कपाट उघडणं आहे, त्यामुळे विचारून आणि दोघांनी मिळून करायचं.

तीन, पुसण्याआधी फाईल बाजूला ठेवायची आणि थांबायचं. कुणाचं मशीन अडलं तर ओरड येईल, तेव्हा परत ठेवता येते. आम्ही आता सहा महिने थांबतो. एक सेमिस्टर सुट्टीसकट निघून जायला हवं. माझ्या ब्राझिलियन मित्राची मेल तीन महिन्यांनी आली होती.

हे सगळं मी तुम्हाला तिकडे का सांगतेय? कारण ही कामं आज जगभर चालली आहेत आणि त्यातली बरीच हिंजवडीत, हैदराबादेत, बंगळुरात बसून आपलीच मुलं करतात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतलं, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून कितीतरी संस्था आपली मशीन दुसरीकडे हलवतायत. घर बदलताना माळ्यावरून काय काय निघतं ते आपल्याला माहीत आहेच. क्लाउडवर गेलं की सुटलो असंही नाही. ॲमेझॉनच्या ईसी-टूवर मशीन कायमचं काढून टाकलं तर त्याची मुख्य डिस्क सहसा सोबत जाते, पण नंतर जोडलेल्या डिस्का, वेगळं सांगितलं नसेल तर, मागे राहतात आणि त्यांचं भाडं चालू राहतं. मग एके रात्री दोन वाजता कुणा चोवीस वर्षांच्या मुलाला तिकीट येतं: "बेवारस डिस्का पुसून टाकणे." यादी त्याला कुणीतरी दिलेली असते, सातबारा कुणीच दिलेला नसतो. चुकलं तर नाव मात्र त्याचं येतं.

अशा मुलांना माझं सांगणं आहे, की "कुणाची ते लेखी सांगा" असं विचारायला लाजू नका. हळू काम करतो म्हणतील, म्हणू देत. मी अर्ध्या दिवसात दोन टेराबाइट मोकळे केले होते, शाबासकीही मिळाली होती.

आता आमच्या सर्व्हरवर प्रत्येक डिस्कशेजारी एक चार ओळींची साधी फाईल असते. नाव, काम, खाली कुठली मूळ डिस्क, कधी विचारायचं. ज्यांचा मालक अजून सापडलेला नाही अशा नऊ डिस्का बाजूच्या फोल्डरमध्ये आहेत. जुन्या विद्यार्थ्यांना मेली टाकल्यात, दोघांची उत्तरं आली, बाकीच्यांची वाट बघतेय.

असो. तुमच्या ऑफिसात अशी यादी असेल तर एकदा काढून बघा. पुसू नका, नुसती बघा. आणि किती नावं जुळली ते मला नक्की कळवा.